दोन डावांचा खेळाडू आणि मुलांचा रक्तदाब

तुमच्या मुलाचं वजन किती, असं विचारलं तर तुम्ही लगेच सांगाल. उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या असतात. लसीकरणाचं कार्ड कपाटात जपून ठेवलेलं असतं. पण मुलाचा रक्तदाब किती आहे, असं विचारलं तर? बहुतेक पालक उलट डॉक्टरांनाच विचारतात, "लहान मुलांनाही बीपी असतो का?"

असतो. रक्तदाब हा आजार नाही, ते एक मोजमाप आहे. हृदय रक्त ढकलतं तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो प्रत्येकाला असतो, अगदी कालच जन्मलेल्या बाळालाही. तो किती असावा, हा खरा प्रश्न. मोठ्या माणसांसाठी १२०/८० हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. पण पाच वर्षांच्या मुलाचं काय? दहा वर्षांच्या मुलीचं काय? त्यांचं "नॉर्मल" कुणी आणि कसं ठरवलं?

आज या प्रश्नाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यातला माणूस अमेरिकेत एका वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. तो व्यावसायिक बेसबॉलपटू होता आणि सर्वोच्च पातळीवरची त्याची कारकीर्द एका सामन्यातल्या जेमतेम दोन डावांची होती. त्यानंतर त्यांनी जे केलं, ते मात्र आपल्या मुलांच्या तब्येतीशी थेट जोडलेलं आहे.

२९ जून १९०५

त्यांचं नाव आर्चिबाल्ड ग्रॅहॅम, टोपणनाव मूनलाइट. हे टोपणनाव का पडलं, याच्या दोन-तीन कथा सांगितल्या जातात. जन्म १८७७ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. घर शिक्षकी वळणाचं. वडील शाळांचे अधीक्षक होते. धाकटा भाऊ फ्रँक पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा अध्यक्ष आणि सिनेटर झाला. आपल्याकडच्या जुन्या वर्तमानपत्रांतही या फ्रँक ग्रॅहॅम यांचं नाव सापडेल, कारण १९५१ साली काश्मीर प्रश्नावर भारत आणि पाकिस्तान यांच्याशी बोलणी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी त्यांनाच प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं.

आर्चिबाल्ड उत्तम धावत आणि चेंडू चांगला मारत. त्या काळी बेसबॉलचा हंगाम उन्हाळ्यात असे आणि कॉलेज हिवाळ्यात. त्यामुळे एकीकडे छोट्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळायचं आणि दुसरीकडे डॉक्टरकीचा अभ्यास करायचा, हे जमवता येत असे. ग्रॅहॅम यांनी ते जमवलं. बाल्टिमोर शहरातल्या मेरिलँड विद्यापीठातून १९०५ साली ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क जायंट्स या बलाढ्य संघात दाखल झाले. संघाचे व्यवस्थापक होते जॉन मॅग्रॉ, शिस्तीला अत्यंत कडक. त्या वर्षी हा संघ वर्ल्ड सीरीज जिंकणार होता. अशा संघात नवख्याला जागा मिळणं कठीण. ग्रॅहॅम बाकावरच बसून राहिले.

२९ जूनला ब्रुकलिनच्या मैदानावर सामना होता. जायंट्स भरपूर आघाडीवर होते आणि शेवटी ११-१ असे जिंकले. सामना हातात आलेला पाहून आठव्या डावात मॅग्रॉ यांनी ग्रॅहॅम यांना उजव्या बाजूच्या बाह्यक्षेत्रात पाठवलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सीमारेषेजवळ उभं राहणारा क्षेत्ररक्षक. नवव्या डावात जायंट्सची फलंदाजी आली. ग्रॅहॅम यांचा नंबर पुढचाच होता. बॅट हातात घेऊन ते तयार उभे होते आणि त्यांच्या आधीचा फलंदाज झेल देऊन बाद झाला. तिसरा गडी बाद म्हणजे डाव संपला. ग्रॅहॅम पुन्हा क्षेत्ररक्षणाला गेले, सामना संपला, आणि त्यांची मेजर लीग कारकीर्दही तिथेच संपली.

नोंदवहीत त्यांच्यापुढे लिहिलंय: सामने १, फलंदाजी ०, झेल ०.

पुढची तीन वर्षं ते स्क्रँटनसारख्या गावांच्या छोट्या लीगमध्ये खेळले. १९०८ नंतर त्यांनी खेळ सोडला.

त्याच वर्षी, दुसऱ्या टोकाला

आता ग्रॅहॅम यांना जरा बाजूला ठेवू आणि रक्तदाबाच्या यंत्राकडे वळू. दोन्ही गोष्टी पुढे एकत्र येणार आहेत.

१८९६ साली इटलीच्या रीवा-रोची या डॉक्टरांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याचं यंत्र तयार केलं. पट्ट्यात हवा भरायची, मनगटाची नाडी बंद पडेपर्यंत दाब वाढवायचा आणि पाऱ्याची उंची वाचायची. पट्ट्यासाठी त्यांनी चक्क सायकलच्या चाकातली रबरी नळी वापरली होती. १९०१ साली हार्वे कुशिंग हे अमेरिकन सर्जन इटलीत गेले, हे यंत्र त्यांनी पाहिलं आणि ते बाल्टिमोरला घेऊन आले. म्हणजे ग्रॅहॅम जिथे डॉक्टरकी शिकले, त्याच शहरात.

या यंत्रात एक उणीव होती. नाडीवर बोट ठेवून फक्त वरचा आकडा कळत असे, खालचा नाही. ती उणीव रशियातल्या निकोलाय कोरोत्कॉव्ह या तरुण सर्जनने भरून काढली. युद्धातल्या जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्यांवर काम करताना त्यांना स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची सवय लागली होती. पट्टा सैल करत असताना कोपराजवळ स्टेथोस्कोप लावला तर आधी ठकठक आवाज सुरू होतो आणि मग तो नाहीसा होतो, हे त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या एका सभेत सांगितलं. आवाज सुरू होतो तो वरचा दाब, थांबतो तो खालचा. त्यांचं ते टिपण छापील एक पानभरही नव्हतं. आज जगभर डॉक्टर आणि नर्स हेच आवाज ऐकून बीपी मोजतात.

ते साल होतं १९०५. म्हणजे ग्रॅहॅम यांचा तो एकमेव सामना झाला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

खाणीच्या गावातला डॉक्टर

१९०९ साली ग्रॅहॅम मिनेसोटा राज्यातल्या चिझम या गावी आले. कॅनडाच्या सीमेकडचा हा भाग, कडाक्याची थंडी आणि जमिनीखाली लोखंडाचं खनिज. आदल्याच वर्षी वणव्यात हे गाव जवळजवळ संपूर्ण जळालं होतं आणि नव्याने उभं राहत होतं. खाणीत काम करायला फिनलंड, इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया अशा ठिकठिकाणांहून माणसं आली होती. शेजारच्या घरात वेगळी भाषा, त्यापुढच्या घरात तिसरीच.

ग्रॅहॅम तिथे राहिले ते कायमचे. १९१५ साली त्यांनी अलिशिया नावाच्या शिक्षिकेशी लग्न केलं. शाळांचे डॉक्टर म्हणून त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ काम केलं. एक गोष्ट तिथले लोक अजून सांगतात. ग्रॅहॅम वापरलेले चष्मे मागवून घेत आणि शनिवारी खाणकामगारांच्या मुलांना बोलावून त्यांचे डोळे तपासत. ज्याला जो चष्मा बसेल तो त्याला देत. पैसे घेत नसत.

शाळेचा डॉक्टर हे पद तसं बिनमानाचं. तिथे मोठी ऑपरेशनं नाहीत आणि नाट्यमय वाचवणंही नाही. रांगेत मुलं उभी असतात. घसा बघा, दात बघा, उंची मोजा, पुढचा. शंभर मुलं तपासली की नव्वदपेक्षा जास्त मुलांत काहीच सापडत नाही.

पण नेमकी हीच गोष्ट मोलाची ठरली. का, ते समजून घेऊ.

"नॉर्मल" कुठे सापडतं?

हॉस्पिटलात जो येतो तो आजारी असतो. एखाद्या डॉक्टरने आयुष्यभर फक्त हॉस्पिटलातल्या मुलांचे रक्तदाब मोजले, तर त्याच्याकडे आजारी मुलांचे आकडे जमतील. निरोगी मुलाचा रक्तदाब किती असतो, हे त्याला त्यातून कळणार नाही. आणि निरोगी किती ते माहीत नसेल, तर आजारी कुणाला म्हणायचं?

निरोगी मुलं एकाच जागी मोठ्या संख्येने सापडतात, ती म्हणजे शाळा. तिथे पाच वर्षांचं मूल असतं आणि सोळा वर्षांचंही. तेच मूल पुढच्या वर्षी पुन्हा भेटतं. आणि तपासणारा डॉक्टर वर्षानुवर्षं तोच असेल, तर मोजण्याची पद्धतही एकच राहते.

ग्रॅहॅम यांनी शाळकरी मुलांचे रक्तदाब मोजून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्याच मिनेसोटा राज्यात रॉचेस्टरला मेयो क्लिनिक आहे. तिथले डॉ. एडगर हाइन्स रक्तदाबावर काम करत होते. हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि रक्तदाब किती उसळतो ते पाहायचं, ही चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोठेपणी ज्यांना बीपीचा त्रास होतो, त्यांच्यात लहानपणीच काही वेगळं दिसतं का, असा त्यांचा प्रश्न होता. ग्रॅहॅम, हाइन्स आणि मेयोमधलेच गेज या तिघांच्या नावाने १९४५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय अगदी साधा: पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचे रक्तदाब. छापला गेला अमेरिकेतल्या बालरोगांच्या नामांकित नियतकालिकात. पहिलं नाव ग्रॅहॅम यांचं. तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं.

१९४५ साली हे का महत्त्वाचं होतं

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्याच्या एक वर्ष आधी, मार्च १९४४ मध्ये, हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय मोठं झालेलं होतं. शेवटच्या दिवशी तो ३००/१९० च्या घरात गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही द्यायला तेव्हा चांगलं औषध नव्हतं. मीठ कमी करा आणि विश्रांती घ्या, असे काही उपाय होते. सहज घेता येईल अशी लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी गोळी १९५० च्या दशकाच्या शेवटी आली.

त्या काळी अनेक डॉक्टरांना असंच वाटे की वय वाढलं की बीपी वाढणारच, आणि मोठ्या माणसाच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्यांना तो लागतोच. मुलांचा रक्तदाब मोजायचा विचार कुणी सहसा करत नसे. मूल सुजलं असेल आणि किडनीचा आजार वाटत असेल, तरच पट्टा बाहेर निघे. अशा वेळी निरोगी शाळकरी मुलांचे आकडे वयानुसार मांडणं म्हणजे पुढच्या सगळ्या कामाला लागणारी एक वीट होती. अशा विटा पुढे अनेकांनी ठेवल्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बोगालुसा गावात हजारो मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. १९७७ साली तिथल्या तज्ज्ञांच्या समितीने मुलांच्या रक्तदाबाचे पहिले अधिकृत तक्ते काढले. अलीकडची मोठी सुधारणा २०१७ ची आहे.

बोगालुसाच्या अभ्यासातून एक गंभीर गोष्ट पुढे आली. अपघातात किंवा इतर कारणांनी दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा ज्यांच्यात वाढलेला रक्तदाब, लठ्ठपणा, कोलेस्टेरॉल यांसारखे धोके जास्त होते, त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थरही जास्त होते. हा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे पन्नाशीतल्या हार्ट अटॅकची सुरुवात शाळेच्या वयात होऊ शकते.

मुलांचा आकडा कसा वाचायचा

आता आपल्या घरातल्या मुलांकडे येऊ.

मूल वाढतं तसं हृदय मोठं होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि रक्तदाबही हळूहळू वाढत जातो. त्यामुळे मोठ्यांसारखा एकच आकडा सगळ्या मुलांना लावता येत नाही. वय, मुलगा की मुलगी, आणि उंची या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. उंच मुलाचा रक्तदाब त्याच वयाच्या बुटक्या मुलापेक्षा थोडा जास्त असणं स्वाभाविक आहे.

समजा, एकाच वयाची, एकाच उंचीची शंभर मुलं रक्तदाबाच्या क्रमाने रांगेत उभी केली. पहिल्या नव्वद मुलांचा रक्तदाब नॉर्मल धरला जातो. नव्वद ते पंचाण्णव ही पट्टी "लक्ष ठेवा" अशी. पंचाण्णवाच्या पुढे आकडा असेल, आणि वेगवेगळ्या तीन भेटींत तसाच आला, तरच उच्च रक्तदाब म्हणायचं. तेरा वर्षांपुढे मात्र मोठ्यांसारखेच आकडे वापरतात: १२०/८० च्या आत नॉर्मल, १३०/८० किंवा त्याहून जास्त म्हणजे उच्च.

पालकांना लक्षात ठेवायला सोपे दोन आकडे देतो. पाच वर्षांच्या मुलाचा रक्तदाब १०३/६३ च्या आसपास किंवा वर आला (मुलगी असेल तर १०४/६४), आणि दहा वर्षांच्या मुलाचा १०८/७२ किंवा वर आला (मुलगी असेल तर १०९/७२), तर डॉक्टरांना पूर्ण तक्ता पाहायला सांगा. हे आकडे मुद्दाम कमी ठेवलेले आहेत. ते ओलांडले म्हणजे आजार झाला, असं मुळीच नाही. उंच मुलात पूर्ण तक्ता पाहिल्यावर तोच आकडा नॉर्मल निघू शकतो.

मोजताना होणाऱ्या चुका

मुलांच्या बाबतीत चुकीच्या बीपीचं एक मोठं कारण म्हणजे पट्ट्याचा आकार. पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि फार मोठा असेल तर खोटाच कमी येतो. रीवा-रोची यांचा मूळ पट्टा फक्त ५ सेंटिमीटर रुंद होता आणि मोठ्यांच्या दंडावर तो आकडा जास्त दाखवत असे. ही चूक १९०१ सालीच लक्षात आली. तरीही आज कित्येक ठिकाणी एकच पट्टा आजोबांना आणि नातवालाही लावला जातो.

नियम असा: पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि लांबीने तिने दंडाचा ८० ते १०० टक्के घेर व्यापावा. लठ्ठ मुलाला मोठ्या माणसाचा पट्टा लागू शकतो. बारीक मुलाला लहान.

मूल पळत आलं असेल, रडत असेल, सुई टोचतील म्हणून घाबरलं असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. तीन ते पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. बोलायचं नाही, मोबाइल नाही. यंत्राने आकडा जास्त दाखवला तर स्टेथोस्कोपने पुन्हा मोजून घ्यावं. काही मुलांचा बीपी फक्त दवाखान्यातच वाढतो. शंका असेल तर चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र वापरतात.

जास्त आला तर कशामुळे?

लहान मुलात, विशेषतः सहा वर्षांच्या आत, खरोखरच रक्तदाब जास्त असेल तर मागे काहीतरी कारण असण्याची शक्यता बरीच असते. बहुतेक वेळा ते किडनीत असतं. घसा दुखल्यानंतर किंवा त्वचेवर पिकलेले फोड आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला आणि लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यात बीपी झपाट्याने वाढू शकतो. दुसरं कारण महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतः अरुंद असणं. यात हाताचा रक्तदाब जास्त आणि पायाचा कमी येतो, जांघेतली नाडी मंद लागते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, खर्च शून्य, आणि दोष सापडला तर दुरुस्त करता येतो.

मोठ्या मुलांत मात्र आता वेगळं चित्र दिसतं. वजन जास्त, खेळ कमी, झोप कमी, आई-वडिलांना बीपी. वेफर्स, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, पापड, लोणचं यांतून मीठ जातं ते वेगळंच. इथे सुरुवातीला गोळी लागत नाही. पानात वरून मीठ न घेणं, पाकिटातले पदार्थ कमी करणं आणि रोज तासभर घाम येईल असं खेळणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

प्रत्येक मुलाचा मोजावा का?

यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, तीन वर्षांपुढे प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजा. तिथल्याच प्रतिबंधक तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या समितीने २०२० साली सांगितलं की लक्षणं नसलेल्या सरसकट सगळ्या मुलांचा बीपी मोजल्याने पुढे किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा अजून नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चुकीच्या पट्ट्याने मोजून घाबरवलेली मुलं आणि त्यांच्या नको त्या तपासण्या, हे नुकसानही खरंच आहे.

माझं मत असं: वर्षातून एकदा, योग्य पट्ट्याने, शांतपणे मोजावा. आणि पुढील मुलांचा तर दर भेटीत मोजावाच: किडनीचा आजार किंवा वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग असलेली, मुदतीआधी किंवा फार कमी वजनाची जन्मलेली, लठ्ठ, मधुमेह असलेली, जन्मतः हृदयदोष असलेली, स्टेरॉइडसारखी औषधं दीर्घकाळ घेणारी. मुलाला वारंवार तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं किंवा झटका आला, तरी बीपी मोजायला विसरू नका.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणी होते. देशात त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या पालघरहून झाली होती. शाळेत पथक येणार असेल, तर त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. "आमचं मूल ठणठणीत आहे, तपासायचं काय?" असं पुष्कळ पालक म्हणतात. ठणठणीत मुलं तपासल्याशिवाय ठणठणीत म्हणजे काय, हेच कळत नाही. काही सापडलं नाही, म्हणजे तो दिवस वाया गेला असं नाही. तीही नोंदच आहे, आणि पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तिचीच तुलना होणार आहे.

आणि डॉ. ग्रॅहॅम?

ते १९६५ साली वारले. पुढे कॅनडाचे लेखक डब्ल्यू. पी. किन्सेला यांना बेसबॉलच्या नोंदींच्या जाडजूड ग्रंथात त्यांचं नाव दिसलं: एक सामना, फलंदाजी शून्य. त्यावरून त्यांनी १९८२ च्या कादंबरीत ग्रॅहॅम यांना पात्र म्हणून आणलं आणि १९८९ साली "फील्ड ऑफ ड्रीम्स" हा चित्रपट आला. त्यात म्हातारे डॉक्टर ग्रॅहॅम बर्ट लँकेस्टर यांनी साकारले. चित्रपटात साल-तारखा बदलल्या आहेत, पण खाणीच्या गावातला डॉक्टर तोच आहे. आज जगभर लोक त्यांना ओळखतात ते न मिळालेल्या फलंदाजीसाठी. त्या १९४५ च्या शोधनिबंधाबद्दल फार कमी जणांना माहिती आहे.

मला मात्र ती नोंदवही अपुरी वाटते. त्यात चिझमच्या शाळांत तपासलेली मुलं नाहीत, शनिवारी दिलेले चष्मे नाहीत, आणि एकेका दंडाला पट्टा बांधून लिहिलेले आकडेही नाहीत.

पुढच्या वेळी मुलाला सर्दी-खोकल्यासाठी किंवा लसीसाठी दवाखान्यात न्याल, तेव्हा डॉक्टरांना एवढंच म्हणा: "याचा बीपीही बघता का? लहान मुलांच्या पट्ट्याने." आणि जो आकडा येईल तो तारखेसकट लसीकरणाच्या कार्डावर, वजन-उंचीच्या शेजारी लिहून ठेवा.